‘आज नको’ म्हणणाऱ्याचं ऐकू या

वार्षिक परीक्षा संपत आल्या की आपल्याकडे घराघरात दोन गोष्टी सुरू होतात. गच्चीवर कुरडया-पापड आणि स्वयंपाकघरात सुट्टीचे बेत. बदलापूर-अंबरनाथला कोकणातली माणसं भरपूर, त्यामुळे लोकलने दिवा गाठायचं आणि तिथून सावंतवाडीची गाडी पकडायची, हे अनेक घरांचं ठरलेलंच असतं. पूर्वी मालवणला गेलं की सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, माशाचं जेवण जेवायचं आणि येताना खाजा आणायचा. आता त्यात स्कूबा डायव्हिंगची भर पडली आहे. कॉलेजातली मुलं करतातच, पण महिला मंडळाच्या आणि भिशी ग्रुपच्या सहलीतही ‘या वेळी आपण पाण्याखाली जायचंच’ असं ठरायला लागलंय.

मला याचा आनंदच वाटतो. जन्मभर समुद्रात घोट्यापर्यंत पाय भिजवून ‘चला गं, उशीर होतोय’ म्हणत मागे फिरणाऱ्या बायका आपण. त्यातली एखादी चाळिशीत डोळ्यांवर मास्क लावून माशांच्या घोळक्यात शिरते, यापरतं कौतुक कोणतं? तेव्हा जाऊ नका असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं सांगणं एवढंच आहे की आपण तिथे पाहुण्या आहोत. पाणी त्यांचं आहे, आणि त्या पाण्याबद्दल तिथला माणूस ‘आज नको’ म्हणाला तर ते ऐकायची तयारी घरातूनच करून निघायला हवं.

आधी हे स्कूबा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. मालवण-तारकर्लीला पर्यटकांसाठी जे होतं, ते बहुतेक वेळा एका प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन थोड्या खोलीपर्यंत जाणं असतं. पोहता आलंच पाहिजे असं नसतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि नाक मास्कच्या आत बंद. म्हणजे श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. पहिली पाच मिनिटं यातच घाबरायला होतं. म्हणून उथळ पाण्यात आधी सराव करून घेतात. तो सराव ‘वेळ नाही, चला लवकर’ म्हणून कुणी उरकत असेल तर आपणच थांबवावं. आपल्याला श्वास जमेपर्यंत बोट थांबू दे.

पाण्याखाली गेलं की पहिला त्रास कानाला होतो. दर दहा मीटर खोलीला हवेचा आणखी एक दाब अंगावर वाढतो. घाटातून गाडी उतरताना कानाला दडे बसतात ना, तसंच, पण जास्त जोराने. त्यावर उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, तीही दुखायला लागायच्या आधीपासून. दुखत असताना दात-ओठ खाऊन खाली जायचं नाही, खूण करून थोडं वर यायचं. सर्दी झाली असेल तर कान मोकळे होत नाहीत. म्हणून ‘नाक वाहतंय, पण चालेल’ हे समुद्रात चालत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाण्याखाली श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. आपल्याला लहानपणापासून विहिरीत, नदीत श्वास रोखूनच बुडी मारायची सवय. इथे उलटं आहे. दहा मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते. श्वास कोंडून घाईने वर आलं तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून सावकाश श्वास घेत, सोडत, प्रशिक्षकाच्या वेगानेच वर यायचं.

आणि एक गंमत. आपण सगळ्या ‘मस्त’ म्हणायला अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’! ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. ही खूण जेवणाच्या टेबलावर दोन-चारदा घोटून घ्या, नाहीतर मासे दिसायच्या आधीच वरती याल.

आता जरा नाजूक विषय. आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने मी बऱ्याच बायकांशी बोलते. तिथे एक गोष्ट नेहमी दिसते, ती म्हणजे आपण आजार लपवतो. रक्तदाबाची गोळी मसाल्याच्या डब्यामागे, दम्याचा पंप पर्समध्ये तळाशी. घरच्यांना काळजी नको, सहलीत विरजण नको. पण स्कूबाच्या आधी जो फॉर्म भरायला देतात, किंवा प्रशिक्षक जे तोंडी विचारतो, तिथे खरं सांगायलाच हवं. दमा, फिट्स, हृदयविकार, रक्तदाब, कानाचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन. आणि पाळी चुकली असेल, दिवस असण्याची शंका जरी असेल, तरी पाण्याखाली जायचं नाही. ‘सगळ्यांसमोर कसं सांगू?’ असं वाटतं, मला कळतं. मग बाजूला घेऊन सांगा, किंवा सरळ ‘मी बोटीत थांबते’ म्हणा. कारण सांगायला आपण कुणाला बांधील नाही. लहान मुलांचंही तसंच. समुद्रात स्कूबा शिकायला जगभरच्या प्रशिक्षण संस्था निदान दहा वर्षं वय धरतात. सात-आठ वर्षांच्या पोराला ‘आमचा फार धीट आहे हो’ म्हणून पुढे करू नये.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी बायकाच जास्त लक्षात ठेवतात, म्हणून सांगते. आदल्या रात्री पुरुषमंडळींनी ग्लास भरला असेल तर सकाळी त्यांनी पाण्यात उतरायचं नाही, मग ते कितीही तरबेज असोत. सकाळी हलका नाश्ता, सुरमईचं ताट आणि सोलकढी नंतर. साडी नेसून बोटीत बसू नका, लाइफ जॅकेट तिच्यावर धड बसत नाही आणि पाण्यात ती पायात येते. मंगळसूत्र, बांगड्या काढून घरच्या कुणाकडे तरी ठेवा. परतताना मोपा किंवा दाबोळीहून विमान पकडायचं असेल तर स्कूबानंतर निदान बारा तास जाऊ द्या, जास्त वेळा बुडी मारली असेल तर त्याहून अधिक. अंगात विरघळलेली हवा बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

थंडीबद्दलही सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत, नाताळच्या सुट्टीत मालवणला गर्दी असते. ‘कोकणात कसली आलीय थंडी’ म्हणून आपण स्वेटरही नेत नाही. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पटीने लवकर ओढून घेतं. हवेत सत्तावीस अंश म्हणजे छान वाटतं, त्याच सत्तावीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास राहिलं तर काटक पोरंही कुडकुडायला लागतात. वर आल्यावर वाऱ्यावर ओल्या कपड्यात बोटीतून परत येणं तर आणखी वाईट. कोरडे कपडे, मोठा टॉवेल, थर्मासमध्ये गरम चहा ही पिशवी बोटीत हवी. ओठ निळसर दिसले, दातावर दात आपटायला लागले, तर दुसरी फेरी नाही म्हणजे नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणी आता लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडला जातात. तिथे ऐन उन्हाळ्यातही समुद्र सोळा-अठरा अंशांच्या आसपास असतो. अशा गार पाण्यात एकदम शिरलं की श्वास आपोआप खस्सकन आत ओढला जातो, आणि तोंड पाण्यात असलं तर तिथेच घात होतो. १८२४ पासून समुद्रावर जीव वाचवण्याचं काम करणारी तिथली आरएनएलआय ही संस्था लोकांना एकच धडा देते. हातपाय झाडू नका, डोकं मागे टाकून पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात आला की मग हाक मारा किंवा पोहा. हा धडा आपल्या मुलांनाही शिकवावा असाच आहे.

आता मूळ मुद्दा. समुद्र रोज सारखा नसतो. नदीला काठ असतो, समुद्राला वेळ असते. कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे, आणि तो आपल्यासारख्या तिथी पाळणाऱ्या बायकांना चटकन जमेल. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि तितक्याच जोराने उतरतं. जागेप्रमाणे यात मागेपुढे होतं, नेमकी वेळ तिथल्याच माणसाला विचारायची. पण एवढं जरी कळलं तरी ‘आत्ता ओहोटी लागलीय, आत जाऊ नका’ असं कुणी म्हणालं तर ते उगाच नाही हे समजतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाण्याची ओढ काय असते ते तिथला नावाडीच जाणे.

महिन्यांचंही तसंच. पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो, पाणी गढूळ होतं, खाली हात पसरला तर बोटं दिसत नाहीत. मे महिन्याच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत मालवणात समुद्रातलं पर्यटन बंदच असतं. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे तेसुद्धा नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसत. आणि आपण मात्र ‘एवढ्या लांबून आलोय, दोन दिवसच रजा आहे’ म्हणून हट्ट धरायचा?

हा हट्ट किती महाग पडतो ते आपण वाचलेलं आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या सहलीतले ८ जण गेले. पुढे जाऊ नका म्हणून स्थानिकांनी त्यांना सांगितलं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आणि २४ मे २०२२ ला, हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, स्कूबा करून परतणारी २० पर्यटकांची बोट तारकर्लीला उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या दोघांच्या घरातही कुणीतरी आदल्या रात्री बॅगा भरल्या असतील, औषधाची पुडी घातली असेल. पाण्याखाली जाणं तर सुखरूप झालं होतं, परतीच्या बोटीत घात झाला, हे विसरून चालणार नाही. लाइफ जॅकेट बोटीत पाय ठेवण्याआधी घालायचं आणि किनाऱ्यावर उतरल्यावरच काढायचं. गरम होतंय, फोटो चांगला येत नाही, या सबबी नकोत.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, तिथले लोकच पैशासाठी नेतात की!’ खरं आहे, तसेही असतात. धंदा म्हटला की सगळ्या प्रकारची माणसं आली. पण जरा आपल्याकडेही बघू. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये आपण पाचशेचा ड्रेस तीनशेला मागतो आणि मिळवतो. ते कौशल्यच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तीच घासाघीस बोटीवर केली की काय होतं? दुकानदार कापडात कमी करतो, बोटवाला माणसात करतो. एका प्रशिक्षकाकडे दोन जास्त पर्यटक, बोटीत चार जास्त माणसं, सरावाची दहा मिनिटं कमी. आपण वाचवलेले पैसे आपल्याच जिवातून कापलेले असतात.

याहून वाईट म्हणजे, जो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘आज नको वयनी, पाणी बरा नाय,’ त्याला आपण सोडून देतो आणि शेजारच्या ‘या या, काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडे जातो. म्हणजे खरं बोलणाऱ्याचा दिवसाचा धंदा बुडाला, आणि खोटं बोलणाऱ्याला बक्षीस. असं दहादा झालं की अकराव्या वेळी तोही गप्प बसायला शिकतो. स्थानिक सल्ला हवा असेल तर तो देणाऱ्याचं नुकसान होऊ देऊ नका. ‘आज नको’ म्हणणाऱ्याचा फोन नंबर घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच जा, आणि घरी आल्यावर दहा जणींना त्याचंच नाव सांगा. तेवढं तर आपल्या हातात आहे.

हे मी एवढ्या खात्रीने म्हणते, कारण आपणही कुठेतरी ‘स्थानिक’ आहोत. पावसाळ्यातला रविवार आठवा. मुंबईहून लोकल भरभरून तरुण पोरं बदलापूरला उतरतात आणि कोंडेश्वरकडे, बारवीकडे निघतात. कोंडेश्वरचा कुंड वरून शांत दिसतो, पण वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी कसं अचानक चढतं ते इथल्या गावातल्या बायकांना विचारा. त्या सांगतात. पोरं हसतात. ‘आजी, आम्हाला पोहता येतं.’ जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात, फलक लागतात, तरी बातम्या येतच राहतात. त्या वेळी आपल्याला काय वाटतं? राग येतो, हळहळ वाटते. मग मालवणात आपली मुलं तिथल्या म्हाताऱ्याला हसतात तेव्हा त्यालाही तेच वाटत असणार ना!

आणि ऐकलं तर काय होतं, तेही आपल्याच अंगणात घडलंय. २७ जुलै २०१९. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. चारी बाजूंनी पाणी आणि आत हजाराहून जास्त प्रवासी, त्यात नऊ गरोदर बायका. ‘गाडीतून उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे’ असं रेल्वेने सांगितलं. तासन्‌ तास, तहानलेल्या पोरांना घेऊन त्या डब्यात बसून राहणं सोपं नव्हतं. मग बोटी आल्या, एनडीआरएफ, नौदल आलं, आसपासच्या गावांतली माणसं धावली आणि सगळ्यांची सुखरूप सुटका झाली. ‘थांबा’ म्हणणाऱ्याचं ऐकण्याचं मोल याहून वेगळं काय सांगायचं?

पाण्याला देव मानणारी आपण माणसं. उल्हासनगरच्या आपल्या सिंधी मैत्रिणी चेटीचंडला झुलेलालाची पूजा करून बहराणा पाण्यात सोडतात, कोळणी समुद्राला नारळ देतात, आपण गणपती विसर्जनाला नदीची ओटी भरतो. देवाच्या दारात आपण उंबरठ्यावर थांबून परवानगी घेतल्यासारखा नमस्कार करतो. समुद्रातही तेवढंच करायचं आहे.

आत गेल्यावर मात्र पाहुणीसारखं वागायचं. तिथली प्रवाळं दगडासारखी दिसतात, पण ते जिवंत प्राणी आहेत. त्यांच्यावर उभं राहायचं नाही, तुकडा तोडून शोकेससाठी आणायचा नाही. कायद्यानेही तो गुन्हा आहे. मालवणच्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकायचा, तेही नको. वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या परत आपल्या पिशवीत.

आणि ज्यांना तब्येतीमुळे पाण्याखाली जाता येत नाही, त्यांनी हिरमुसून हॉटेलात बसू नये. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवनं दाखवतात. आपण बचत गटात पापड-लोणच्याचे हिशेब करतो, त्या वल्ही मारतात! त्यांच्याशी गप्पा मारल्या तरी सहल सार्थकी लागेल. समुद्र खवळलेला असेल त्या दिवसासाठी धामापूरचा तलाव आहे, मालवणचा बाजार आहे. ‘आज नको’ म्हटल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं असेल तर हट्ट आपोआप कमी होतो.

मैत्रिणींनो, सहलीत तिकिटं कोण काढणार, डबा कोण करणार हे आपण महिनाभर आधी ठरवतो. त्यातच आणखी एक ठरवून टाका. किनाऱ्यावर शेवटचा शब्द तिथल्या जाणत्या माणसाचा, आणि आपल्या घरातून कुणा एकीने जरी ‘मला बरं वाटत नाही, नको’ म्हटलं तर तो शब्दही तितकाच शेवटचा. नवरा, दीर, कॉलेजातला मुलगा, सगळ्यांना हे गाडीत बसायच्या आधी ऐकवा. गाडी सुटल्यावर कोण ऐकतं? आणि परत आलात की पाण्याखाली काय काय पाहिलं ते मला जरूर सांगा.